पंखा बंद करा, मग विचारा : घरातल्या थोरांच्या आठवणी व्हिडिओवर कशा उतरवाव्यात

आप्पांचं पन्नास मिनिटांचं रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. त्यात छताचा पंखा अगदी स्वच्छ ऐकू येतो. त्याचं एक पातं जरा वाकलेलं होतं, ते दर फेऱ्याला टक् करायचं, तेही येतं. आप्पा मात्र शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखे. कॉलरला लावायचा माइक मुद्दाम आणला होता, पण मोबाइलच्या जाड कव्हरमुळे त्याची पिन शेवटपर्यंत आत गेलीच नाही. मोबाइलने सहा फुटांवरून आपल्याच माइकने मिळेल तेवढं घेतलं. हे मला कळलं त्यांच्या तेराव्यानंतर.

पुढे आत्याचं केलं, एका मामांचं केलं, ओळखीच्या दोन-तीन घरांत जाऊन करून दिलं. चुका करत करत जी पद्धत बसली, ती इथे क्रमाने लिहितो आहे. महागडा कॅमेरा लागत नाही. चार-पाच वर्षांपूर्वीचा चांगला मोबाइल चालतो.

आधी कोणाचं, आणि विचारायचं कसं

वयाने सर्वांत मोठ्या माणसापासून सुरुवात करायची, असं काही नाही. ज्यांना ऐकू कमी येऊ लागलंय, नावं विसरायला लागलीत, त्यांचं आधी करा. आणि घरात जे माणूस सर्वांत कमी बोलतं, त्याचं नाव यादीत वर घ्या. जे रोज बोलतात त्यांच्या गोष्टी निदान चार जणांना पाठ असतात.

नवरा-बायकोचं पहिलं रेकॉर्डिंग वेगवेगळं करा. आजीला विचारलं की आजोबा उत्तर देतात. "तिला काय आठवतंय, मी सांगतो" हे वाक्य मी तीन घरांत ऐकलं. आजोबांना त्या वेळात कट्ट्यावर पाठवा, पेन्शनीचं काम काढून द्या, काहीही करा. नंतर दोघांना शेजारी बसवून एक बैठक जरूर घ्या. तेव्हा ते भांडतात, आणि ते भांडण सोन्यासारखं असतं.

"तुमची मुलाखत घ्यायची आहे" असं म्हणू नका. "माझं मेलीचं काय सांगण्यासारखं?" म्हणून विषय मिटतो. त्यापेक्षा एखादी ठरावीक गोष्ट मागा: "ती विहिरीवरची गोष्ट पुन्हा सांग ना, पोरांसाठी घेऊन ठेवतो." मात्र चोरून कधी करू नका. कोण बघणार, कुठे ठेवणार, कुटुंबाच्या ग्रुपवर टाकणार की नाही, हे आधीच स्पष्ट सांगा. "मध्येच थांबव म्हटलंस की थांबवतो, एखादं नको वाटलं तर पुसतो," हा शब्द द्या आणि पाळा. भाऊबंदकी, वाटण्या, कुणाचं मोडलेलं लग्न हे सगळं निघतं. ते सांगायचं की नाही, हे सांगणाऱ्याने ठरवायचं. जमीन कोणाला, दागिने कोणाला, हे कॅमेऱ्यासमोर काढूच नका. तो कागदावरचा आणि वकिलाचा विषय.

वहीतली तयारी

आदल्या आठवड्यात एक वही घ्या. पहिल्या पानावर माणसं: आई-वडील, भावंडं, कोण कुठल्या गावी दिलं, कोण कुठून आलं. दुसऱ्या पानावर काळाच्या खुणा. आपल्याकडच्या जुन्या माणसांना सन आठवत नाही, आणि जन्मतारखेवर तर अजिबात जाऊ नका; शाळेत नाव घालताना गुरुजींनी १ जून टाकून दिलेली माणसं घरोघरी आहेत. ती प्रसंगांवर काळ मोजतात. म्हणून प्रसंगांच्या तारखा तुमच्या हाताशी हव्यात.

पुण्याचं माणूस असेल तर पानशेत, १२ जुलै १९६१. सातारा-कोयनेकडचं असेल तर भूकंप, ११ डिसेंबर १९६७ ची पहाट. लातूर-धाराशिवकडे (तेव्हाचं उस्मानाबाद) किल्लारी, ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट. गिरणगावात संप, जानेवारी १९८२. मराठवाड्यात निजामाचं राज्य गेलं ते सप्टेंबर १९४८. गोव्यात पोर्तुगीज गेले ते १९ डिसेंबर १९६१. ७२ चा दुष्काळ जवळजवळ सगळीकडे चालतो. सुकडी आणि खडी फोडण्याची कामं म्हटलं की माणूस आपोआप बोलू लागतं. आणे जाऊन नवे पैसे आले ते १ एप्रिल १९५७ ला. "तेव्हा आणे होते की नवे पैसे?" या एका प्रश्नाने लग्नाचं साल हमखास अलीकडे-पलीकडे करता येतं.

तिसऱ्या पानावर घराचा नकाशा. हा तुम्ही काढायचा नाही, त्यांच्याकडून काढून घ्यायचा, पण पान आधीच मोकळं ठेवा. त्याबद्दल पुढे.

खोली, उजेड, पंखा

वेळ सकाळची. अंघोळ, देवपूजा, नाश्ता, गोळ्या झाल्यावर, साधारण दहाच्या सुमाराला. दुपारी जेवणानंतर डोळे मिटतात, संध्याकाळी मालिका आणि पाहुणे. एक बैठक चाळीस-पंचेचाळीस मिनिटांची. मधुमेह असेल तर खायला जवळ ठेवा. कवळी असेल तर ती बसवलेली असू दे, नाहीतर अर्धे शब्द कळत नाहीत.

खोली निवडताना आधी कान लावा, मग डोळे. डोळे मिटून दोन मिनिटं बसा. पंखा, फ्रिजची घरघर, जुन्या ट्यूबच्या चोकचा गुंजारव, शेजारच्यांचा मिक्सर, बाहेर "भाजीऽऽ" करणारी हातगाडी. एरवी हे ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये सगळं येतं. ज्या खोलीत गाद्या, कपड्यांचं कपाट, पडदे आहेत ती उत्तम, कारण आवाज घुमत नाही. नुसत्या फरशीचा आणि भिंतींचा हॉल दिसतो छान, पण आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. स्वयंपाकघरात सांगून ठेवा की पाऊण तास कुकर लावायचा नाही. उन्हाळ्यात पंख्याशिवाय बसवू नका; हे काम दिवाळी ते शिवरात्रीच्या मधे काढा.

उजेड खिडकीचा घ्या. माणसाला खिडकीकडे तोंड करून, किंचित तिरकं बसवा. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. नेहमीची खुर्ची असेल तर तीच, आणि बाजूचं रोजचं सामान, चष्म्याचं घर, तपकिरीची डबी, तसंच राहू दे. घर आवरून पाहुण्यांसाठी सजवलं की माणूसही पाहुण्यासारखं बोलतं. नवी साडी नेसायची हौस असेल तर मात्र नेसू द्या. फक्त करकरीत कांजीची नको, तिचा आवाज होतो.

मोबाइलची सेटिंग

मोबाइल आडवा. तो डोळ्यांच्या उंचीवर हवा. स्टँड नसेल तर स्टुलावर पिठाचा डबा आणि त्यावर दोन जाड पुस्तकं. माझं निम्मं काम असंच झालंय. डोक्यावर थोडी जागा, खाली हात दिसतील एवढी चौकट. हात कापू नका. जुनी माणसं हातांनीच निम्मं सांगतात.

सेटिंगमध्ये फुल एचडी, म्हणजे १०८०पी, पुरे. तासाला साधारण ४ ते ९ जीबी जागा जाते. फोरके घेतलंत तर त्याच्या दुप्पट-तिप्पट, आणि मोबाइल तापून मध्येच बंद पडायची भीती. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबच्या उजेडात सेकंदाला ३० फ्रेमवर कधी कधी चित्रात पट्टे सरकताना दिसतात. मोबाइलमध्ये २५ फ्रेमचा पर्याय असेल तर तो निवडा. आयफोनमध्ये तो 'पाल' फॉरमॅट चालू केल्यावर दिसतो. चेहऱ्यावर बोट दाबून धरा म्हणजे फोकस आणि उजेड लॉक होतो. नाहीतर हात हलला की चित्र पुढे-मागे करत राहतं. शेवटी एअरप्लेन मोड. लोन हवंय का विचारणारा फोन नेमका रडू येतं त्या वाक्याला येतो.

माइक, आणि बांगड्या

पैसे खर्च करायचे तर ते माइकवर करा. वायरचा साधा कॉलर माइक काही शे रुपयांत मिळतो. चित्र थोडं अंधारं असलं तरी माणूस बघतं, आवाज नीट नसेल तर दोन मिनिटांत बंद करतं.

शर्ट असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या गुंडीपाशी. साडी असेल तर पदराच्या खांद्याकडच्या निरीला सेफ्टी पिनने वायर पक्की करून, तोंडापासून वीतभर खाली. मंगळसूत्राचे मणी माइकवर आपटतात, म्हणून माइक बाजूला सरकवा. मंगळसूत्र किंवा बांगड्या काढायला सांगू नका. ते वाईट वाटणारं बोलणं आहे, आणि ती जखम घेऊन ती पुढे काय मोकळी बोलणार? मांडीवर एक मऊ उशी द्या. हात उशीवर टेकतात, किणकिण आपोआप कमी होते. थोडी राहिली तर राहू दे. आत्याच्या रेकॉर्डिंगमध्ये ती आहे आणि आता मला ती हवीच वाटते.

आता सगळ्यांत महत्त्वाचं, जे मी आप्पांच्या वेळी केलं नाही. कव्हर काढा, पिन टक् आवाज येईपर्यंत दाबा. एक मिनिट रेकॉर्ड करा: "आज सकाळी चहाबरोबर काय खाल्लंत?" पिन काढा आणि हेडफोन लावून ऐका. माइकवर बोटाने हलकं टिचकी मारलेली टकटक मोठी ऐकू आली, तर माइक चालू आहे. जमलं तर दुसऱ्या मोबाइलवर नुसता आवाज रेकॉर्डिंगला लावून तो जवळच्या टीपॉयवर रुमालावर पालथा ठेवा. एक बुडाला तर दुसरा असतो.

प्रश्न

इथे घाई करू नका.

"तुमचं बालपण कसं होतं?" या प्रश्नाला एकच उत्तर असतं: "कसं असणार, गरिबीचं." आयुष्य विचारलं की माणूस सारांश सांगतो. जागा, वस्तू, अंगावरचं पांघरूण विचारलं की तो तिथे जाऊन उभा राहतो.

आत्या पाटणकडची. मी पहिल्यांदा विचारलं, "भूकंपात किती नुकसान झालं गं?" ती म्हणाली, "झालं की. समद्यांचंच झालं." संपलं. दुसऱ्या बैठकीत विचारलं, "त्या पहाटे तुझ्या अंगावर काय पांघरलेलं होतं?" ती थांबली. मोजून वीस सेकंद काही बोलली नाही. मग म्हणाली, "वाकळ. जुन्या लुगड्यांची. ती घेऊनच भायेर पळालो. आन् भायेर येऊन बघतीया तर सासूबाईंच्या हातात दुधाचं पातेलं. म्हनलं, अवो हे कशाला आनलं? तर म्हनल्या, सांडंल की." त्यानंतर ती वीस मिनिटं बोलत होती: अंगणातली थंडी, पडलेली मागची भिंत, शाळेच्या पटांगणातली रात्र. मी एकही प्रश्न विचारला नाही.

ते वीस सेकंद फार अवघड असतात. आपल्याला "हं", "हो का", "अगं बाई" म्हणायची सवय असते, आणि ते सगळं त्यांच्या आवाजावर चढतं. नुसती मान हलवा, डोळ्यांनी विचारा. गप्प झाले की पुढचा प्रश्न टाकू नका. बहुतेक वेळा ते संपलेले नसतात, शोधत असतात. तुम्ही मोबाइलच्या अगदी शेजारी बसा म्हणजे नजर कॅमेऱ्याजवळ राहते. कानाचं यंत्र असेल तर चांगल्या कानाच्या बाजूला.

सुरुवात घरापासून करा. वहीतलं मोकळं पान आणि पेन्सिल त्यांच्या हातात द्या. "दारातून आत आलं की उजव्या हाताला काय?" ओटी, माजघर, देवघर, न्हाणीघर, कणगी, परसातला आड. रेघा वाकड्या येतील. पण "इथं आजी निजायची" म्हणताना पेन्सिल त्या चौकोनात थांबते, आणि तिथून गोष्ट निघते. तो कागद जपून ठेवा.

बायकांना एक प्रश्न नक्की विचारा: माहेरचं नाव. आपल्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने नवं नाव लिहून जुनं पुसायची पद्धत बऱ्याच घरांत होती. कित्येक नातवंडांना आजीचं पहिलं नाव माहीतच नसतं. "त्या नावाने तुला शेवटची हाक कोणी मारली?" या प्रश्नाला एका आजींनी पदर डोळ्यांना लावला, आणि मग हसून थोरल्या भावाच्या साऱ्या खोड्या सांगितल्या.

बाकीचे प्रश्नही असेच बारीक ठेवा. पहिल्या पगारातून काय घेतलं? शाळेत कोणता मार कशासाठी खाल्ला? सासरी पहिल्या दिवशी पाणी कुठून आणायचं, हे कोणी दाखवलं? एसटीने पहिल्यांदा कुठे गेलात, शेजारी कोण बसलं होतं? घरात कुठलं भांडं कोणाला वेगळं ठेवलं जायचं? हा शेवटचा प्रश्न अवघड आहे, पण विचारावा. शिवाशिव पाळलेली आणि सोसलेली, दोन्हीकडची माणसं आता थोडीच उरली आहेत. विचारताना न्याय करायला बसू नका.

आणि भाषा सुधारू नका. कॅमेरा बघितला की माणसं पुस्तकी बोलू लागतात. मालवणी, अहिराणी, वऱ्हाडी, जे घरचं असेल त्यात तुम्हीच प्रश्न विचारा. तुम्हाला येत नसेल तर येणाऱ्या एखाद्या काकूला शेजारी बसवा. तारीख चुकली, मामाऐवजी काका म्हटलं, तरी मध्ये टोकू नका. वहीत खूण करा.

वस्तू, फोटो, आणि हातातलं काम

दुसरी किंवा तिसरी बैठक वस्तूंची. अडकित्ता, जुनं रेशनकार्ड, शिवणयंत्र, लग्नपत्रिका. एकेक हातात द्या, नाव सांगू नका.

फोटोंसाठी मोबाइलची जागा बदला. टेबलावर फोटो, मोबाइल वरून खाली बघणारा, चौकटीत फोटो आणि त्यांचं बोट. "ही कोण? मागे उभा कोण?" बोट चेहऱ्यावर आणि आवाजात नाव, असं एकदा घेतलं की पन्नास वर्षांनीही कोण कुठला यावर वाद नको. फोटोवर चकाकी येत असेल तर दिवा बंद करून खिडकीचा आडवा उजेड घ्या. मागे लिहायचं तर मऊ पेन्सिलने, बॉलपेनने नाही. त्याचा वळ पुढच्या बाजूला उमटतो.

समोर बसून न बोलणारी माणसं काम करताना बोलतात. मेथी निवडायला द्या, वाती वळायला द्या. पण वर्तमानपत्रावर नको, तो कागद भयंकर खडखडतो. जुन्या धोतराचा तुकडा अंथरा. आजोबांना सायकल पुसायला द्या, दोरी वळायला द्या. जात्यावरच्या ओव्यांचंही असंच. नुसतं "म्हणून दाखव" म्हटलं तर दोन ओळींत अडतं, खुंट्यावर हात फिरला की पुढची ओळ येते. हेमा राईरकर आणि गी पॉतवाँ यांनी गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, त्या आता 'परी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर वाचता आणि ऐकता येतात. तुमच्या आजीची एखादी त्यात नसेलही.

तुम्ही परदेशात किंवा लांब असाल, तर व्हिडिओ कॉलचं रेकॉर्डिंग करून भागवू नका. त्यात चित्र फाटतं आणि आवाज तुटतो. कॉल एका मोबाइलवर असू दे, आजीसमोर दुसरा मोबाइल स्टँडवर लावून त्यात खरं रेकॉर्डिंग भाच्याला करू दे. तुम्ही फक्त विचारायचं.

त्याच संध्याकाळी

उद्यावर टाकू नका. फाइलला नाव द्या: आधी साल, महिना, दिवस, मग माणूस, मग विषय. "२०२४-११-१६_आत्या_०२_भूकंप" असं. मग प्रती. एक संगणकावर, एक बाहेरच्या हार्डडिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या भावंडाकडे किंवा क्लाउडवर. पेनड्राइव्ह जुन्या पद्धतीने, फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल घेत नाही. तो एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. गूगलची फुकट जागा १५ जीबीच असते, आणि दोन वर्षं न वापरलेलं खातं ते बंद करू शकतात, म्हणून पासवर्ड घरात दोघांना माहीत हवा. व्हॉट्सॲपवर साधा व्हिडिओ म्हणून पाठवलेली प्रत ही प्रत नव्हे, ती चिरडलेली असते. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, २ जीबीपर्यंत जातं. हार्डडिस्क दर दिवाळीला एकदा लावून बघा.

मग वही घेऊन एकदा पूर्ण ऐका आणि मिनिटं टिपा: "१२:४० विहीर, १९:०५ पातेलं." एवढं केलं तरी पुढे कोणालाही हवं ते सापडतं. पूर्ण लिहून काढायचं असेल तर मराठी व्हॉइस टायपिंग कच्चं काम करतं, पण बोलीभाषेपुढे ते हात टेकतं. ते शब्द तुम्हीच लिहा. कापाकापी करून दहा मिनिटांची फिल्म हौसेने करा, संगीत मात्र आवाजाखाली घालू नका, आणि मूळ फाइलला हात लावू नका.

शेवटची पायरी म्हणजे ज्यांचं केलंय त्यांना ते दाखवणं. टीव्हीवर लावा, चष्मा शोधून द्या. दुसरा मोबाइल त्या वेळी चालू असलाच पाहिजे. आत्याने पहिली पाच मिनिटं "किती वाळली मी" एवढंच म्हटलं. मग पातेल्याच्या जागी आली आणि माझ्या हातातला रिमोट घेऊन तिने थांबवलं. "पातेलं नव्हं रं ते," ती म्हणाली. "कासंडी व्हती. म्हंजे म्हस पिळून झाली व्हती आमची. थांब, आता नीट सांगते."